जड तारखा आणि ठोंबरेभाऊ

गेल्या पंचवीस जूनला आमच्याकडे दूध नासलं, म्हणून मी पातेलं घेऊन शेजारी मागायला गेले. दार ठोंबरेभाऊंनी उघडलं. माझ्या हातातल्या रिकाम्या पातेल्याकडे बघून ते शांतपणे म्हणाले, "नासणारच, मॅडम. आज पंचवीस जून. पंचाहत्तर साली ह्याच तारखेला आणीबाणी लागली. पन्नास साली ह्याच तारखेला कोरियात युद्ध पेटलं. तिथं तुमच्या अर्ध्या लिटरची काय कथा?"

मी म्हटलं, "भाऊ, त्र्याऐंशी साली ह्याच तारखेला आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकलो. तेव्हा कुणाचं दूध नासलं होतं?"

"म्हणून तर मी तारखेला वाईट म्हणत नाही. जड म्हणतो. जड तारखेला काहीतरी होतंच. काय होईल ते आपल्या हातात नसतं. नोंद असावी."

दूध वहिनींनी दिलं. भाऊंनी नुसतं कारण दिलं.

गणपत ठोंबरे हे आमचे दहिवलीतले शेजारी, आणि त्याआधी खालापूरच्या कचेरीत सोळा वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसणारे आवक-जावक कारकून. म्हणजे कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि रजिस्टरला नोंद करायची, एवढंच काम. दुसरा एखादा ह्या कामाने झोपाळू झाला असता. ठोंबरेभाऊ ह्या कामाने इतिहासकार झाले. सकाळी खुर्चीत बसायच्या आधी ते उभ्याने शिक्क्याची रबरी पट्टी टाचणीने पुढे सरकवत, कोऱ्या कागदावर एक ठसा उमटवून बघत आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगत, "आज नऊ ऑगस्ट. बेचाळीस साली इंग्रजांना चले जाव. पंचेचाळीस साली नागासाकीवर बाँब. कामाला लागा." साहेबांच्या हजेरीपेक्षा ह्या हजेरीचा आम्हाला धाक जास्त होता, कारण दुपारी चहाला ते परीक्षा घेत.

त्यांनी तारखांच्या जाती पाडल्या होत्या. पहिली जड. ती तुम्हाला कळलीच. दुसरी हलकी. हलक्या तारखेला जगात कुठे काही घडलेलं नसतं, साधं एखादं बेटसुद्धा स्वतंत्र झालेलं नसतं. अशा तारखेविषयी बोलताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. गरीब तारीख आहे, म्हणायचे. आणि तिसरी फितूर. फितूर म्हणजे आज आपल्या बाजूला, उद्या दुसऱ्याच्या. अकरा सप्टेंबर ही त्यांच्या मते फितुरांची राणी. एकोणीसशे सहा साली जोहान्सबर्गला सत्याग्रहाची शपथ झाली ती ह्याच दिवशी, त्र्याहत्तर साली चिलीत रणगाडे रस्त्यावर आले ते ह्याच दिवशी, आणि न्यूयॉर्कचे मनोरे पडले तेही ह्याच दिवशी. "अशा तारखेचा काय भरवसा धरायचा, सांगा तुम्ही."

हे नुसतं बोलण्यापुरतं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यांच्या घरी नवा फ्रिज आला तो नेमका अकरा सप्टेंबरला. भाऊंनी तो खोक्यातून काढू दिला, जागेवर लावू दिला, पण वायर काही भिंतीला लावू देईनात. बारा तारीख उजाडू दे, म्हणाले. त्या दिवशी वहिनींचं दूध, वहिनींची भाजी आणि बोंबलांची एक भलीमोठी पिशवी माझ्या फ्रिजमध्ये मुक्कामाला होती. माझ्या श्रीखंडाला पुढे आठवडाभर बोंबलांचा वास येत होता, आणि त्या वासाला जबाबदार कोण, तर चिली. वहिनी पिशवी परत न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "ह्यांना जगातल्या सगळ्या देशांचे स्वातंत्र्यदिन पाठ आहेत बघ. फक्त गॅसचा नंबर कधी लावला ते विचारू नकोस."

कचेरीतला त्यांचा एक किस्सा तर मी अजून लोकांना सांगते. एक म्हातारेबुवा अर्ज घेऊन आले होते. शेजाऱ्याने त्यांच्या वाटेत भिंत घातली होती, ती काढावी म्हणून अर्ज. तारीख होती आठ नोव्हेंबर. भाऊंनी अर्ज हातात घेतला, वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "शिक्का मारायला मी बांधील आहे. पण आज नका देऊ, बाबा. आठ नोव्हेंबरला चांगले चालू असलेले कागद रद्द झालेत, तेही रात्री आठ वाजता. तुम्ही उद्या या. नऊ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत पडली." म्हाताऱ्याला बर्लिन कुठल्या तालुक्यात आहे ते ठाऊक नव्हतं, पण भिंत पडली एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी हजर. पुढे त्या अर्जाचं काय झालं ते मला माहीत नाही, पण आषाढात भिंत आपोआप पडली, आणि म्हातारा भाऊंसाठी काकड्यांची पिशवी घेऊन आला. त्या दिवसापासून भाऊंना आवरणं ब्रह्मदेवाच्याही हातात राहिलं नाही.

आमच्या वाढदिवसांनाही त्यांची चिठ्ठी यायची. तुमच्या जन्मतारखेला जगात आणखी काय झालं, ते सुवाच्य अक्षरात. माझा वाढदिवस सव्वीस नोव्हेंबर. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, "ह्याच दिवशी आपण संविधान स्वीकारलं. अभिनंदन." आणि खाली बारीक अक्षरात, "मागची बाजू पाहू नये." आता असं लिहिल्यावर कोण पाहणार नाही? मी पाहिली. मागे दोन हजार आठची मुंबई होती. असा सगळा चोख कारभार.

तर असा हा माणूस एकतीस मेला निवृत्त झाला. तुम्ही आमच्या भागातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत एकतीस मेला जाऊन बघा, निम्मी कचेरी हार घालून बसलेली असते. कारण असं, की पूर्वी खेड्यातल्या पोराची जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवत नसे. पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. मग शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून तारीख लिहायची एक जून. आणि एक जूनला जन्मलेला सरकारी नोकर एकतीस मेला घरी जातो. त्या वर्षी आमच्याकडे चौघे एकदम गेले. केक एकच आणला होता. चार नावं त्यावर मावेनात, म्हणून बेकरीवाल्याने नुसतं "समस्त मंडळी" लिहिलं.

साहेबांनी भाषणात गमतीने विचारलं, "ठोंबरे, एवढ्या जगाच्या तारखा सांगितल्यात. आता जाता जाता तुमच्या एक जूनला काय झालं ते सांगा."

आम्ही सगळे हसत भाऊंकडे बघायला लागलो. भाऊ उठून उभे राहिले. म्हणाले, "एक जूनला मुंबई-पुण्याची एक गाडी सुरू झाली. ती आपल्या कर्जतवरून जाते. पण त्याला राजकारण म्हणता येणार नाही." आणि खाली बसले.

परतीच्या सहा आसनी रिक्षात मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुमच्यासारख्या माणसाला स्वतःच्या तारखेला गाडीशिवाय काही मिळू नये?"

मांडीवर हार, हातात नारळ, अशा अवताराने ते बाहेर बघत होते. "मिळेल कसं? ती माझी तारीखच नाही, मॅडम. माझा कान गुरुजींनी लावलाय. साऱ्या जगाची नोंद मी ठेवली आणि माझी कुणी ठेवली नाही." खरं सांगायचं तर वाईट वाटलं मला.

तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला. आपली खरी तारीख शोधायची. आई-वडील कधीच गेलेले. ते जन्मले तेव्हा घरात होती अशी एकच व्यक्ती उरली होती, त्यांची थोरली बहीण. अक्का भाऊंपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. कोंडाण्याच्या वाटेवर त्यांचं गाव आहे, तिथेच, माहेरापासून चार घरं सोडून तिला दिलेली. भाऊ दर खेपेला विचारत आणि अक्का दर खेपेला म्हणे, "मला नाय ठावं. काय करायचाय रं तारखेला? जेव." असं करत करत वर्षं गेली. मग गेल्या पावसाळ्यात अक्का अंगणात घसरून पडली. हाड काही मोडलं नाही, पण तेव्हापासून ती अधूनमधून सुनेला नातीच्या नावाने हाक मारायला लागली. वहिनी भाऊंना म्हणाल्या, "विचारायचं असेल तर आता विचारा. नंतर बसाल कपाळाला हात लावून."

भाऊंना स्कूटर येत नाही. मला येते. म्हणून मी ह्या मोहिमेत. दिवस अर्थातच त्यांनी ठरवला. बारा ऑक्टोबर. मी विचारलं, हा का? तर म्हणाले, "दोन हजार पाच साली ह्याच तारखेला माहितीचा अधिकार लागू झाला. आज अक्का माहिती नाकारूच शकत नाही."

माझ्या मागे बसून, पोटाशी कापडी पिशवी धरून, पिशवीत वही आणि कुठल्यातरी रद्दीवाल्याकडून पैदा केलेली जुनी पंचांगं, असा हा माहितीचा अधिकार निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलं होतं, एखाद्या शेतात कापणीही सुरू झाली होती. प्रत्येक खड्ड्याला भाऊ मागून म्हणत होते, "सावकाश, मॅडम. आज काही होता कामा नये."

अक्का पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. बारीकशी, काटक बाई, नाकात मोठी चमकी. "आला रं गणू?" म्हणाली, आणि मला बघून, "ही कोन? तुझी सायबीण का?"

कोरा चहा झाला. मग भाऊंनी वही उघडली आणि चौकशी सुरू केली, अगदी कचेरीच्या थाटात.

"अक्का, मी झालो तेव्हा पाऊस होता का?"

"नाय बा. भात कापाया चालला व्हता. आयस सकाळपतूर शेतावं व्हती."

भाऊंनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला, की बघा, जून गेला. "दिवाळी झाली होती?"

"झालीवती."

"तुळशीचं लग्न?"

"तवा नाय झालं. तुझं बारसं आनि तुळशीचं लगीन एकाच आठवड्यात आलं, म्हनून तर बापूस कावला व्हता, की दोनदोनदा गूळ कुठनं आनू."

भाऊंनी भराभर पंचांग उलटलं, बोटं मोजली. नोव्हेंबरचे पहिले दहा-बारा दिवस हातात आले. मग त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. जगातल्या एवढ्या जड तारखा एका पंधरवड्यात, आणि त्यातली एक त्यांची. ते अक्काला एकेक तारीख वाचून दाखवायला लागले. सात तारखेला रशियात क्रांती झाली. नऊ तारखेला भिंत पडली. प्रत्येक तारखेनंतर थांबून तिच्या तोंडाकडे बघायचे, की काही आठवतंय का.

अक्काने सगळं ऐकून घेतलं, सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाली, "तुला कंचा आवडतो तो घे ना."

"अक्का, आवडीचा नसतो गं घ्यायचा. असतो तोच घ्यायचा असतो."

"मंग मला नाय ठावं."

भाऊंनी वही मिटली. एवढ्या जवळ येऊन हात रिकामा. मला मात्र आता राग यायला लागला होता. हा मनुष्य मघापासून रशियाचं विचारतोय, भिंतीचं विचारतोय, आणि समोर जी बाई बसली आहे तिचं काही विचारतच नाही. मी म्हटलं, "अक्का, ते सगळं राहू द्या. हे झाले त्या दिवशी तुम्ही काय करत होता?"

"मी?" अक्काचे हात सुपात थांबले. "मी शाळत व्हते."

भाऊंनी मान वर केली. "तू शाळेत होतीस? कधी गं?"

"तिसरीत व्हते. सोळाचा पाढा बोलत व्हते गुरुजींपुडं. तर बापूस दारात येऊन हुबा. गुरुजींना बोलला, घरात पोरगा झालाय, त्याला सांबालाया कोन नाय, कापनी आंगावं आलीय. हिचा नाव काढा. गुरुजी बोललं, आरं पोरगी हुशार हाय. बापूस बोलला, हाय तर हाय, पोराला काय रडत ठेवू? मंग गुरुजींनी वही काढली नि माझ्या म्होरंच नाव खोडला. मी पाटी घेऊन घरी आले. तर तू. लाल नुसता. पाटीपरीस जड व्हतास."

भाऊंच्या हातातलं पेन उघडंच होतं.

"मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"काय सांगू? तू आपला कचेरीत, शिक्क्याचा मानूस, तारीक इचारतोस. तारीक सांगायची तर ह्ये सांगाया लागलं असतं. तुला वाटलं असतं, माज्यामुलं झालं. तुझा काय गुन्हा व्हता रं? तुला तर मान पन धरता येत नव्हती." आणि तिने पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

येताना मी दोनदा वळून बघितलं, भाऊ पडले तर नाहीत. खड्डे आले आणि गेले, एक शब्द नाही. दहिवलीत शिरताना एकदाच म्हणाले, "मॅडम, बापाच्या समोर नाव खोडलं म्हणजे रजिस्टरला त्याच दिवशीची तारीख असणार."

कारकुनी रक्तातच, त्याला काय करणार. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या गावच्या शाळेत. तिथल्या बाई तरुण होत्या, मनाने चांगल्या. कपाटातून फडक्यात बांधलेलं जुनं रजिस्टर त्यांनी स्वतः काढून दिलं. आयुष्यभर रजिस्टरं हाताळलेला माणूस, पण प्रत्येक पान दोनदोनदा तपासत होता. सापडली ओळ. अक्काचं माहेरचं नाव, इयत्ता तिसरी, आणि शाळा सोडल्याची तारीख. स्वच्छ, निळ्या शाईत. इतकी वर्षं जी तारीख त्यांनी साऱ्या जगात शोधली, ती त्यांच्या जन्मघरापासून दोन शेतं अंतरावर फडक्यात बांधून ठेवलेली होती.

ती तारीख मी इथे लिहीत नाही. तुम्ही लगेच त्या दिवशी कुठला देश स्वतंत्र झाला ते शोधायला बसाल.

हिशेब केल्यावर असं निघालं की भाऊ कागदापेक्षा सात महिन्यांनी मोठे आहेत. ह्याचा त्यांना भयंकर धक्का बसला. "म्हणजे मी सात महिने हक्क नसताना खुर्चीवर बसलो, मॅडम. माझे शेवटच्या सात महिन्यांचे शिक्के बेकायदेशीर." शासनाला लेखी कळवण्याचा त्यांचा विचार होता. वहिनींनी पेन लपवून ठेवलं, म्हणून आज पेन्शन चालू आहे.

नोव्हेंबरात ती तारीख आली. मला वाटलं, आता केक, चिठ्ठ्या, हॉलभर भाषण. पण सकाळी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी आले आणि म्हणाले, "मॅडम, स्कूटर काढता का? अक्काकडे जायचंय." सोबत वहिनींनी डबाभर शिरा दिला होता. वाटेत मी विचारलंच, की भाऊ, आज जगात काय काय झालं होतं?

"पाहिलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे पाहिलंच नाही. माझ्या तारखेचं वजन मला कळलं, मॅडम. आणखी कशाला बघू?"

अक्का आजही पायरीवरच होती. भाऊंनी पिशवीतून एक कागद काढून तिच्या हातात दिला. प्लास्टिकमध्ये घातलेला, शाळेचा गोल शिक्का असलेला. तिचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यांनी बाईंकडे रीतसर अर्ज करून तो काढून आणला होता.

अक्काने तो उलटा धरला, मग सुलटा केला. "ह्यात काय लिवलाय? मी पास का नापास?"

"तूच वाच ना," भाऊ म्हणाले. "तिसरीपर्यंत गेलीस की."

तिने कागद उन्हात धरला आणि बोट ठेवून वाचायला लागली. एकेक अक्षर, अडखळत, मध्येच दम घेत. स्वतःचं माहेरचं नाव वाचून हसली, कारण त्या नावाने तिला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नव्हतं. वर्तणूक, चांगली. मग बोट खाली सरकलं. शाळा सोडण्याचं कारण. तिथे तिला वेळ लागला. "ल-हा-न... भाऊ... सां-भा-ळ-णे."

भाऊंनी मान खाली घातली. साठी उलटलेला माणूस, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. मलाही दुसरीकडे बघावं लागलं.

अक्काने ती ओळ पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली, कुठे चूक नाही ना ते बघितल्यासारखी. मग म्हणाली, "बराबर लिवलाय की. सांबालला मी."

आणि डब्याचं झाकण काढत म्हणाली, "खा आता, शिरा गार व्हतो."